पत्र्याच्या आतली बाजू

बल्ब भक्कन उजळला आणि मंद होत होत आतली तार नुसती लालसर दिसेल इतका उतरला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

रात्रीचे अकरा वाजले होते. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरलेली, तिच्यावर पोट उघडं टाकलेलं एक करडं यंत्र आणि शेजारी लाकडी पाटावर बसवलेला शंभर वॉटचा साधा पिवळा बल्ब. दुरुस्तीच्या धंद्यात याला ‘सिरीज बोर्ड’ म्हणतात. संशयित उपकरण थेट भिंतीतल्या सॉकेटला लावायचं नाही, या बल्बामागून लावायचं. आत कुठे शॉर्ट असेल, तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो. आत ठीक असेल, तर उजळून मावळतो. लाख रुपयांच्या उपकरणाची पहिली परीक्षा अजूनही हा बल्बच घेतो.

यंत्राचं नाव अकाई एमपीसी २०००एक्सएल. ‘अकाई’ म्हटलं की नव्वदच्या दशकात वाढलेल्या मराठी माणसाला रंगीत टीव्ही आठवतो. त्याआधीच्या पिढीतल्या हौशी लोकांना स्पूलचे टेपरेकॉर्डर आठवतात. पण जगभरच्या संगीतकारांसाठी हे नाव सोळा चौकोनी रबरी पॅडांचं आहे, चार आडव्या आणि चार उभ्या ओळींचं. मला ते मुंबईतल्या एका बंद होणाऱ्या छोट्या स्टुडिओतून मिळालं. स्क्रीन काळी, तीन पॅड मुके, बटणं दोन-दोनदा दाबावी लागत आणि फ्लॉपी घातली की जात्यात खडा सापडल्यासारखा आवाज. मालक म्हणाले, “घेऊन जा. पण चालू होईल असं समजून नेऊ नका.”

मी चालू होईल असं समजूनच नेलं.

ऐकवावं लागणारं वाद्य

सॅम्पलरला स्वतःचा आवाज नसतो. त्याला आधी काही ऐकवावं लागतं. तबल्याचा ‘ना’, दाराची कडी, आजीचं खोकणं, काहीही. तो आवाज यंत्र बारीक तुकड्यांत मोजून घेतं. माझ्या यंत्रात एका सेकंदाला ४४,१०० वेळा. मग तो पॅडवर बसतो आणि बोट टेकलं की वाजतो. संतूरला संतूरचा आणि सारंगीला सारंगीचा स्वर जन्मतः मिळतो. सॅम्पलरला मात्र प्रत्येक स्वर कुणाकडून तरी मागून आणावा लागतो.

या कल्पनेची मुळं जुनी आहेत. १९४८ साली पॅरिसमध्ये पिएर शेफेरने आगगाड्यांच्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे जोडून रचना केली. पुढे इंग्लंडमध्ये मेलोट्रॉन आला, ज्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असे. आवाज आकड्यांत साठवून वाजवणारा फेअरलाइट सीएमआय १९७९ मध्ये सिडनीतून आला आणि १९८१ मध्ये अमेरिकेतून ई-म्यू कंपनीचा इम्युलेटर. ही वाद्यं श्रीमंत स्टुडिओंची होती. सामान्य घरातल्या मुलाच्या हाताला सॅम्पलर लागण्यात रॉजर लिन या गिटार वाजवणाऱ्या अमेरिकन संशोधकाचा मोठा वाटा आहे. १९८० मध्ये त्याने खऱ्या ड्रमचे आवाज साठवलेलं एलएम-१ हे तालयंत्र बनवलं. स्वतःची कंपनी बंद पडल्यावर त्याने जपानच्या अकाईसाठी एमपीसी ६० ची रचना केली. ते १९८८ मध्ये बाजारात आलं.

त्यात आवाजासाठी जागा किती होती? जेमतेम तेरा सेकंद. तेवढ्यात ड्रम, बेस, एखाद्या जुन्या रेकॉर्डमधली तुतारीची लकेर, सगळं बसवायचं. न्यूयॉर्कच्या आणि लॉस एंजेलिसच्या वस्त्यांमधल्या तरुणांनी त्या तंगीतच आपलं हिप-हॉप घडवलं. १९९६ मध्ये डीजे शॅडोने ‘एंडट्रोड्युसिंग’ हा अल्बम मुख्यतः एमपीसी ६० वरच घडवला. डेट्रॉइटचा संगीतकार जे डिला २००६ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेला. त्याचं एमपीसी ३००० आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपल्याकडे एखाद्या उस्तादाचा तानपुरा जपून ठेवतात, तसं तिथे ते रबरी पॅडांचं पेटीवजा यंत्र जपलं आहे.

माझं २०००एक्सएल त्याच घराण्यातलं, १९९९ च्या सुमाराचं. त्याची एक गोष्ट मला सुरुवातीपासून अस्वस्थ करत आली आहे. वीज गेली की ते सगळं विसरतं. फ्लॉपीवर साठवलं नसेल, तर दिवसभराची मेहनत स्विच बंद करताच नाहीशी होते.

आधीच्याची चिठ्ठी

स्क्रू काढून यंत्र उघडलं, तेव्हा आतल्या पत्र्यावर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं : ‘ता. १२-८-०४. पॅड ३ साफ. एफ-४ बटण बदली.’ नाव नाही, सही नाही.

मी ते छायाचित्र बुधवार पेठेतल्या दादांना दाखवलं. पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. तिथून आत वळलं की जिन्याखाली दादांचं दहा बाय सहाचं दुकान. ते प्रामुख्याने ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायची इलेक्ट्रॉनिक तालवाद्यं, दुरुस्त करतात. रोलंड कंपनीने पहिला ऑक्टोपॅड १९८५ मध्ये आणला आणि १९९८ चं एसपीडी-२० हे त्याचं रूप महाराष्ट्रात असं रुजलं की बँजो पार्टी त्याच्याशिवाय पुरी होत नाही. श्रावण लागला की दादांच्या दुकानाबाहेर रांग लागते. कुणाचा पॅड बसलेला, कुणाची वायर तुटलेली, कुणाच्या यंत्रात पावसाचं पाणी गेलेलं. गणपतीच्या आधी प्रत्येकाला आपलं वाद्य आजच हवं असतं.

दादांनी छायाचित्र मोठं करून पाहिलं. “चांगला माणूस होता,” ते म्हणाले. “काय केलं ते लिहून ठेवलं. पुढच्याचा अर्धा दिवस वाचतो.” मग त्यांनी समोर उघड्या असलेल्या ऑक्टोपॅडचं झाकण उलटं करून दाखवलं. आत त्यांच्याच अक्षरात चार तारखा होत्या, चार वर्षांच्या, सगळ्या श्रावणातल्या.

माझं यंत्र त्यांनी हातात घेतलं नाही. “तू कर. अडलास की ये.” त्या एका वाक्याने या पावसाळ्यातले माझे सगळे रविवार ठरून गेले.

वीज, बटणं, उजेड

पहिलं काम विजेचं. यंत्राच्या मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट लिहिलं होतं. म्हणजे ते अमेरिकेतून आलेलं. आपल्या २३० व्होल्टांवर थेट लावलं असतं, तर क्षणात गेलं असतं. तेव्हा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आला. मग पॉवर सप्लायमधले कॅपॅसिटर. कॅपॅसिटर म्हणजे विजेचं छोटं टाकं. त्याच्या आतला द्रव उष्णतेने वर्षानुवर्षं सुकत जातो. तापमान दहा अंशांनी उतरलं की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, हा जुना ठोकताळा आहे. मुंबईच्या बंद खोलीत, टेबलाच्या कोपऱ्यात, पंचवीस वर्षं. दोन कॅपॅसिटरची डोकी टरारून वर आली होती. हे काम करताना दादांनी दटावून सांगितलं होतं : वायर काढली म्हणजे वीज गेली असं नाही. मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ती दबा धरून असते. आधी मीटर लावायचा, मग हात.

बटणांचं काम किचकट नाही, पण चिकाटीचं. प्रत्येक बटणाखाली चार पायांचा एक टॅक्ट स्विच असतो. दाबला की ‘टिक’ करणारा, दोन-तीन रुपयांना मिळणारा. आतला पत्रा काळवंडला की बटण दोनदा दाबावं लागतं. जुना स्विच उपटायचा नाही. एकेका पायावर फ्लक्स लावून सोल्डर वितळवायचं, पंपाने ओढून घ्यायचं, मग स्विच आपोआप हातात येतो. घाई केली तर पायाबरोबर सर्किटवरची तांब्याची रेघही उचलून येते. माझ्या हातून एक रेघ उचलली गेलीच. केसाएवढ्या बारीक तारेने ती सांधायला मला पूर्ण दुपार लागली. मीटरने ‘बीप’ दिला, तेव्हा खाली मुलं दहीहंडीचे थर लावण्याचा सराव करत होती.

स्क्रीनचा उजेड गेला होता, कारण तिच्या मागे विजेने उजळणारा कागदासारखा पातळ थर असतो आणि काही वर्षांत तो विझत जातो. त्याला सुमारे शंभर व्होल्टांची उलटसुलट वीज पुरवणारा छोटा इन्व्हर्टर सतत बारीक किणकिणत असतो. मी तो थर काढून एलईडीची पट्टी बसवली आणि इन्व्हर्टर सुटा केला. किणकिण थांबली. काही तरी सतत वाजत होतं, हे ते थांबल्यावरच कळलं.

फ्लॉपीच्या जागी

फ्लॉपीचा हिशेब करून पाहावा. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत माझ्या यंत्राच्या दर्जाचा एकपदरी आवाज जेमतेम सोळा सेकंद मावतो. यंत्रातली मूळ स्मृती २ एमबीची, म्हणजे साधारण बावीस सेकंदांची. ती ३२ एमबीपर्यंत वाढवता येते. त्यासाठी लागणाऱ्या ७२ पिनांच्या पट्ट्या नव्वदच्या दशकातल्या पेंटियम संगणकांत असत. मला त्या जुन्या बाजारात एका पोत्यात मिळाल्या. विकणारा त्या त्यांच्या सोनेरी कडांसाठी भंगारात देणार होता. दोन पट्ट्या खाचेत बसवल्या आणि बावीस सेकंदांची सव्वासहा मिनिटं झाली. पण ती भरलेली स्मृती जपायची तर वीसहून अधिक फ्लॉप्या हव्यात. सोनीने २०११ मध्ये जपानमधली फ्लॉपीची विक्री थांबवली. २०२४ मध्ये जपान सरकारने तर फ्लॉपी सक्तीची करणारे आपले नियमच काढून टाकले.

उपाय आला तो भरतकामाच्या यंत्रांमधून. कारखान्यांतल्या संगणकीकृत एम्ब्रॉयडरी मशिन नक्षी फ्लॉपीवरून वाचत. त्यांच्यासाठी चीनच्या गोटेक कंपनीने फ्लॉपी ड्राइव्हच्याच मापाचं एक खोकं काढलं. त्यात पेनड्राइव्ह घालायचा, आणि यंत्राला वाटतं की फ्लॉपीच घातली आहे. पुढे त्यासाठी ‘फ्लॅशफ्लॉपी’ हे मोफत सॉफ्टवेअर आलं आणि जुन्या सॅम्पलरांना नवं पोट मिळालं. तीच चौतीस तारांची पट्टी, तोच पाच व्होल्टांचा पुरवठा. एक जंपर योग्य जागी बसवला की झालं. मोठ्या साठवणीसाठी मागच्या स्कझी पोर्टला एसडी कार्डाचा अडॅप्टर लावला.

जुना ड्राइव्ह काढण्यापूर्वी मात्र मी त्याचं हेड अल्कोहोलने पुसलं आणि यंत्राबरोबर आलेल्या चौदा फ्लॉप्या एकेक करून वाचून घेतल्या. पाच फ्लॉप्यांना बुरशीने खाल्लं होतं. उरलेल्या नऊंवर घुंगरं होती, मंजिऱ्या होत्या, ढोलकीची थाप होती. सगळे आवाज कुणीतरी नीट कापून, नावं देऊन ठेवलेले. ते मी स्टुडिओच्या मालकांना पाठवले. ते त्यांचे होते.

सातवा पॅड

एवढं सगळं झालं, तरी यंत्र वाद्य झालं नव्हतं. कारण पॅड.

पॅडच्या रबराखाली एक दाब ओळखणारा पातळ थर असतो. बोट जितक्या जोराने पडेल, तितका त्या थराचा विद्युतरोध कमी होतो, आणि त्यावरून यंत्र प्रत्येक ठोक्याला १ ते १२७ मधला एक आकडा देतं. या आकड्यात वादकाचा हात असतो. थर झिजला की सगळे ठोके एकतर १२७ होतात किंवा काहीच होत नाहीत. आज एमपीसीचा आवाज कोणत्याही संगणकात हुबेहूब मिळतो. मिळत नाही ती ही रबराची ताकद, बोट आत जाण्याची ती दीड-दोन मिलिमीटरची वाट.

नवे सेन्सर परदेशातून मागवावे लागले. ते बसवल्यावर पंधरा पॅड बोलू लागले. सातवा मात्र हळू वाजवलं की गप्प. स्टेप एडिटच्या स्क्रीनवर मी आकडे पाहत होतो : जोरात ११०, मध्यम ६०, आणि नाजूक ठोक्याला ओळच नाही. तीन वेळा उघडलं. तीन वेळा पुसलं. शेवटी बुधवार पेठ गाठली.

दादांनी सातव्या पॅडच्या रबराची खालची बाजू अंगठ्याने चाचपली. “हे बसलंय. पंचवीस वर्षं ह्याच्यावरच कुणीतरी बडवलंय.” मग त्यांनी इन्सुलेशन टेपचा बोटाच्या पेराएवढा गोल कापला आणि रबराच्या खाली चिकटवला. “एक थर. दोन लावलेस तर बोट टेकायच्या आधी वाजेल.”

मी तिथेच वाजवून पाहिलं. ११०. ६२. ३०. ९. शेवटच्या ठोक्याला माझं बोट रबराला लागलं की नाही, हे मलाही कळलं नव्हतं. यंत्राला कळलं होतं.

ताव

ज्यासाठी हे सगळं केलं, ते काम एका हलगीसाठी होतं. ओळखीतले एक मामा कराडकडच्या गावात जत्रेत, कुस्तीच्या फडात हलगी वाजवतात. वय साठीच्या पुढे. त्यांच्या हलगीचे आवाज घ्यायचे आणि पॅडवर बसवायचे, असं मनात होतं.

सॅम्पलिंगच्या इतिहासात मागून घेण्यापेक्षा न विचारता घेतल्याच्या गोष्टी जास्त आहेत. १९९१ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला आणि तेव्हापासून दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरायचा तर परवानगी घेण्याची शिस्त पक्की झाली. पण ज्याचं ध्वनिमुद्रणच कधी झालं नाही, त्या वादकाचं काय? त्याचा ठोका कुणीही उचलावा आणि वापरावा, असं होता कामा नये. म्हणून मी आधी विचारलं, बिदागी ठरवली आणि आवाज कुठे वापरणार तेही सांगितलं. मामांनी अट घातली : “आधी मी वाजवून बघणार. मग ठरवू.”

शेकोटी करून त्यांनी हलगी तापवली. एका हातात जाडसर टिपरू, दुसऱ्यात बारीक लांब काडी. मी सगळे ठोके घेतले, घरी येऊन कापले, पॅडवर बसवले. पंधरा दिवसांनी ते पुण्याला आले. टेबलाशी बसले, दोन बोटांनी पॅड वाजवले. थांबले.

“आवाज माझाच हाय. पन ताव न्हाई.”

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. हलगी वाजता वाजता थंड पडते, चामडं सैल होतं, आवाज बसतो. पुन्हा शेकली की चढतो. फडात वाजवणाऱ्याचा हात त्या उताराचढावाबरोबर चालतो. माझ्या पॅडवर मात्र प्रत्येक ठोका एकाच तापलेल्या क्षणाचा होता.

दुसऱ्या रविवारी पुन्हा गेलो. या वेळी तीन तावांचे ठोके घेतले : शेकल्याबरोबरचे, पाच मिनिटांनंतरचे, आणि चामडं उतरल्यावरचे. एमपीसी २०००एक्सएलमध्ये एका पॅडवर तीन आवाज ठेवून जोरानुसार ते बदलण्याची सोय आहे. हळू वाजवलं तर सैल चामडं, मध्यम तर मधलं, जोरात तर कडक. त्यासाठी पॅडला जोर नेमका कळायला हवा. सातव्या पॅडखालचा तो टेपचा गोल नसता, तर हे जमलंच नसतं.

मग ‘टाइमिंग करेक्ट’ बंद केलं. एमपीसीत एका मात्रेचे ९६ भाग असतात आणि हे बटण चालू असलं की ठोके जवळच्या घरात ओढले जातात. त्यालाच जोडून रॉजर लिनने ‘स्विंग’ची सोय दिली. पन्नास टक्क्यांवर अर्ध्या मात्रेतले दोन ठोके समान, २४ आणि २४. चोपन्नवर २६ आणि २२. सहासष्टच्या पुढे जरासं गेलं की ३२ आणि १६, म्हणजे चाल थेट तिश्राकडे झुकते. जगभरच्या संगीतकारांनी या टक्केवारीवर जीव टाकला. मामांनी वाजवल्यावर मी आकडे उघडून पाहिले. त्यांचे ठोके सुरुवातीला चोपन्नच्या आसपास होते, लय चढली तसे साठीकडे गेले आणि तोड्याच्या शेवटी पुन्हा सरळ झाले. कोणत्याही एका टक्क्यात ते बसत नव्हते. मी एकही ठोका हलवला नाही.

मामांनी वर पाहिलं. “आता ठीक,” म्हणाले. “वापर.”

मी लगेच सेव्ह केलं.

पुढच्याचा अर्धा दिवस

२०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी त्याचं संकेतस्थळही सुरू झालं. दुरुस्तीच्या हक्काची चळवळ आपल्याला कायद्याची वाटते. ती कायद्याची आहेच. पण तिची सुरुवात यंत्र कसं बांधलं आहे, इथून होते. हे यंत्र स्क्रूने बांधलेलं आहे, डिंकाने नाही. त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सर्किटचा पूर्ण नकाशा आहे. स्मृतीच्या पट्ट्या खाचेत बसतात. ज्यांनी ते बनवलं, त्यांनी कुणीतरी ते उघडेल हे गृहीत धरलं होतं. म्हणून २००४ मध्ये कुणाला तिसरा पॅड साफ करता आला, आणि म्हणून एका म्हाताऱ्या हलगीवाल्याच्या बोटाचा ९ या आकड्याइतका हलका ठोका आज ऐकू येतो. ज्या वस्तू आपण उघडू शकत नाही, त्यांच्यात आपला हात कधीच उतरत नाही.

यंत्र बंद करण्याआधी एक काम राहिलं होतं. पेन्सिल घेतली आणि जुन्या ओळीखाली लिहिलं :

‘पॉवर सप्लायचे कॅप २ बदली. टॅक्ट स्विच सगळे नवे. एफ-२ खाली तारेचा जोड, जपून. स्क्रीनला एलईडी, इन्व्हर्टर सुटा. मशिन १२० व्होल्टचं आहे, थेट लावू नये. पॅड ७ खाली टेप, एकच थर.’

तारीख घातली. मग पत्रा बसवला आणि स्क्रू आवळले, पण फार घट्ट नाही.